दोन हात खोलवरचा उन्हाळा

अठ्ठावीस वर्षं मी नागपूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. संशोधन केलं तेही त्यातल्या अशा शाखेत, जिला उपकरणं लागत नाहीत. त्यामुळे मी काही काम करतो यावर आमच्या कारंज्याच्या घरी शेवटपर्यंत कोणाचा विश्वास बसला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मळ्यातल्या आंब्याखाली बाज टाकून, छातीवर कागदांची चळत घेऊन, डोळे मिटून पडलेला असे. बाबा मोट हाकता हाकता थांबत आणि विचारत, "काय करून राह्यला?" मी म्हणे, विचार करतोय. मग ते बैलांकडे वळून म्हणत, चला रे, आपल्याले काम आहे.

गावातल्या लोकांची अडचण वेगळी होती. पोरगं एवढं शिकलं, म्हणजे त्याला काहीतरी येत असणार, हे त्यांना मान्य होतं. काय येतं, एवढंच कळत नव्हतं. एकदा रुईचे एक व्यापारी शेट खास भेटायला आले. सरकी किती पडेल, भाव कुठवर चढेल, याचं गणित मला मांडता येईल का, असं त्यांनी फार अदबीनं विचारलं. मी म्हणालो, शेटजी, आमच्या गणिताला माणसं चालत नाहीत, दगडमाती चालते. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, मग विहिरीला पाणी कुठं लागेल ते तरी सांगा. तेही येत नाही म्हटल्यावर चहा अर्धा ठेवून उठले. पुढं कित्येक वर्षं रस्त्यात भेटले की माझ्याकडे ते दयेनं बघत.

तर हा धंदा काय, ते आधी सांगतो. समजावून सांगण्यात माझं आयुष्य गेलं आहे, तेव्हा आणखी एकदा सांगायला हरकत नाही. प्रयोग करणारा पदार्थवैज्ञानिक वस्तू समोर घेतो, तिला तापवतो, ताणतो, तोलतो. आम्ही वस्तूला हात लावत नाही. आम्ही कागदावर एक वाक्य लिहितो आणि ते नेहमी 'समजा' या शब्दानं सुरू होतं. समजा, जमीन सगळीकडे सारखी आहे. समजा, ती कितीही खोल गेलं तरी संपत नाही. समजा, वरचं ऊन वर्षाच्या वर्षाला ठरल्याप्रमाणे कमीजास्त होतं. एवढं समजून घेतलं की पुढं नुसतं गणित. पानंच्या पानं भरतात, त्यातली निम्मी फाडून टाकावी लागतात, आणि नशीब असेल तर शेवटी एका ओळीचं सूत्र हाती लागतं. ते सूत्र सांगतं की अमुक ठिकाणी अमुक वेळी असं असं होईल. मग कोणीतरी जाऊन बघतो. तसं झालं तर तुम्ही शहाणे, नाहीतर परत पहिल्या 'समजा'पाशी येऊन बसा.

माझं नाव थोडंफार झालं ते याच जमिनीच्या गणितावर. नवा वर्ग आला की पहिल्या दिवशी मी एकच प्रश्न विचारत असे. विहिरीचं पाणी थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार का लागतं? निम्मं उत्तर आपल्या कातडीत आहे, गारठलेल्या हाताला साधं पाणीही कोमट लागतं, हे कोणीतरी हुशार मुलगा सांगतच असे. उरलेलं निम्मं जमिनीत आहे. उन्हाळा जमिनीत उतरतो, पण बैलगाडीच्या चालीनं उतरतो. दहा हात खाली पोचेपर्यंत वर दसरा झालेला असतो, आणि पोचतो तोवर त्याचा जोर दहाव्या हिश्शाइतकाही उरत नाही. रोजचं ऊन तर त्याहून दुबळं. हातभर खाली त्याला सकाळ काय आणि दुपार काय, पत्ताच लागत नाही. हे सगळं किती हातांवर किती उशिरा आणि किती उरतं, ते सांगणारं सूत्र जुनंच होतं. मी त्यात आपल्याकडचा पावसाळा घातला. चार महिने चिंब, आठ महिने बेताची ओली अशा जमिनीला ते कसं बदलावं लागतं, ते काढलं. हे काम मी चोख केलं होतं. आजही मला त्यातल्या एकाही पायरीची लाज वाटत नाही.

गणित खरं ठरलं का हे बघायला मी आमच्याच मळ्यात, वांग्याच्या वाफ्याशेजारी, लोखंडी नळ्या पुरल्या. एक हात, दोन हात, चार हात, दहा हात. दोरीनं उष्णतामापक खाली सोडायचा. त्याच्या पाऱ्याच्या गोटीला मेण लावायचं, म्हणजे वर ओढून वाचेपर्यंत पारा हलत नाही. धाकटा भाऊ विठ्ठल वर्षभर सकाळ-दुपार आकडे वहीत लिहीत होता. शेजारचे मळेवाले त्याला विचारत की जमिनीले ताप आला काय. वर्षानं ते आकडे मी कागदावर ठिपक्यांनी मांडले आणि माझ्या गणिताची रेघ त्यांच्यावर ओढली. एकही ठिपका रेघेबाहेर गेला नाही. निबंध विलायतेतल्या एका नियतकालिकात छापून आला. त्याची प्रत बाबांनी स्वच्छ फडक्यात बांधून पेटीत ठेवली. आपल्या मळ्याचं नाव त्यात कुठं आहे ते त्यांनी मला बोट ठेवून दाखवायला लावलं होतं. 'कारंज्याजवळील बागाईत जमीन' असे तेवढेच शब्द होते. मीच लिहिलेले, आणि मीच ते नीट वाचले नाहीत.

पुढं सहासात वर्षांनी, दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी, महादेव माझ्याकडे एम.एस्सी.च्या प्रबंधाला आला. जऊळक्याचा, स्टेशनापासून दोन कोसांवर त्याच्या वडिलांचं शेत. कापूस आणि ज्वारी, सगळं आभाळाच्या भरवशावर. आमच्या वर्गात येणारी वऱ्हाडातली मुलं महिन्याभरात आपली बोली खुंटीला टांगून पुस्तकी मराठी बोलू लागत. मीही माझ्या वेळी तेच केलं होतं. महादेवनं केलं नाही. प्रयोगशाळेतसुद्धा तो "मले असं दिसून राह्यलं सर" असंच बोले आणि बाकीचे हसत. हसणाऱ्यांकडे त्याचं लक्ष नसे. त्याला घाई करता येत नसे, हा त्याचा सर्वात मोठा गुण होता.

त्याला मी सोपं काम दिलं. माझंच गणित, माझ्यासारख्याच नळ्या, फक्त जमीन त्याच्या शेतातली काळी. वर्षभर आकडे घ्यायचे आणि काळ्या मातीतून उष्णता किती वेगानं जाते तो एक आकडा काढायचा. तो गावी राहून आकडे घेई आणि महिन्यातून एकदा वही घेऊन नागपूरला येई. पावसाळ्याचे आकडे माझ्या रेघेवर जाऊन बसले. थंडीचेही बसले. फाल्गुनात ठिपके रेघ सोडून निघाले. आणि चैत्रात त्यानं जे आणलं ते पाहून मी वहीच बंद केली. दोन हात खोलीवर सकाळ आणि दुपार यांत तीन अंशांचा फरक होता.

जिथं दुपार पोचूच शकत नाही तिथं ती पोचली असं तो म्हणत होता. मी म्हटलं, मेण गळालं असेल. त्यानं नवं मेण लावून पंधरा दिवसांनी पुन्हा आणलं, तोच फरक. मी म्हटलं, नळी सैल झाली, कडेनं हवा जाते. त्यानं नळीभोवती माती ठोकून बसवली, फरक तोच. तिसऱ्या वेळी खोलीत आणखी दोन प्राध्यापक आणि चार विद्यार्थी होते. मी त्यांच्यादेखत म्हणालो, "महादेव, आकडे मोजायचे असतात, बनवायचे नसतात."

तो खाली मान घालून म्हणाला, "मी बनोले नाई सर." आणि वही उचलून गेला.

आठ दिवसांनी त्याचं पत्र आलं. 'माझे आकडे आपल्याला पटत नाहीत. माझ्याजवळ दुसरे आकडे नाहीत. म्हणून प्रबंध सोडत आहे.' एवढंच. प्रबंध द्यायची मुदत जूनअखेर होती. ती गेली की त्याची शिष्यवृत्ती संपणार, आणि वृत्ती संपली की तो परत नांगरामागे. त्याच्या घरातला शाळेपलीकडे गेलेला तो पहिलाच. हे सगळं मला माहीत होतं. तरी खरं सांगायचं तर पत्र वाचून मला दया आली नाही, राग आला. याची चूक याच्याच शेतात उभं राहून याला दाखवतो, असं म्हणत मी माझा स्वतःचा उष्णतामापक पिशवीत टाकला आणि निघालो. अकोल्याला गाडी बदलून जऊळक्याला उतरलो तेव्हा वैशाखातलं ऊन डोक्यावर आलं होतं.

येतो म्हणून कळवलं नव्हतं. मिळाली ती बैलगाडी करून घर शोधलं. महादेव शेतात होता. त्याच्या आईनं गूळपाणी पुढं केलं आणि मी कोण ते कळल्यावर मला खालवर न्याहाळलं. मग विचारलं, "तुमीच काय ते? ज्याइले आमच्या पोराचे आकडे पटत नाई?" मी हो म्हणालो. ती पदर खोचून म्हणाली, चला, मी दाखोते शेत. तिच्यामागून मी चालू लागलो.

बांधावरून आत पाऊल टाकलं आणि दहाव्या पावलाला माझा उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत जमिनीत गेला. बूट अडकला. महादेव धावत आला, त्यानं मला धरलं, बूट ओढून काढला. मी जिथं अडकलो होतो तिथं मी हातातली काठी घातली. काठी मुठीपर्यंत आत गेली. मान वर करून पाहिलं तर शेतभर तेच. हात हात रुंदीचे मातीचे तुकडे आणि त्यांच्यामध्ये भेगा, कुठं बोटभर, कुठं पाऊल मावेल एवढ्या. त्यांच्या मधोमध त्याच्या नळ्या उभ्या होत्या. मी उष्णतामापक दोरीनं एका भेगेत सोडला. दोन हात गेला, खाली टेकला नाही. थोड्या वेळानं वर काढून पाहिलं, पारा जवळजवळ वरच्या हवेइतकाच चढला होता, आणि मी तिथंच ढेकळावर बसलो.

ऊन जमिनीतून बैलगाडीनं उतरतच नव्हतं. ते सरळ भेगेतून खाली जात होतं आणि तिथून मातीच्या तुकड्यांना बाजूनं तापवत होतं. दोन हातांवर दुपार पोचत होती. तीन अंश अगदी बरोबर होते.

मी महादेवला विचारलं, या भेगा तू वहीत का नाही लिहिल्यास? तो गोंधळला. "त्यात लिवाचं काय सर? उन्हाळ्यात जमीन फाटतेच. थे कोनाले मालूम नाई?"

मला माहीत नव्हतं. म्हणजे भेगा मी हजारदा पाहिल्या होत्या, गाडीच्या खिडकीतून, रस्त्याच्या कडेनं. पण कागदावर 'समजा, जमीन सगळीकडे सारखी आहे' असं लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं आली ती आमच्या वांग्याच्या वाफ्याची जमीन. आमच्या मळ्यात मोट बारा महिने चाले. ती जमीन कधी फाटलीच नाही. मी माळ्याच्या घरचा, ओल्या जमिनीवर वाढलो, आणि ती ओल माझ्या गणितात शिरली. वर आकडेही त्याच मळ्यात घेतले, मग ठिपके रेघेवर बसणार नाहीत तर काय होईल? वऱ्हाडात शंभरातली नव्वद एकर जमीन कोरडवाहू आहे. माझं सूत्र उरलेल्या दहांचं होतं आणि मी ते छाती फुगवून सगळ्यांचं म्हणून छापलं होतं.

हे मी महादेवला तिथंच सांगितलं. त्याची आई ऐकत होती. गणित तिला कळलं नसेल, पण मुद्दा कळला. ती म्हणाली, "तुमच्या मळ्यातली जमीन पानी पेते मास्तर. आमची उन्हाळाभर तोंड उघडून बसते. दोघीइले एकच माप कसं लावता?"

मी चार दिवस त्यांच्याकडे राहिलो. ओसरीवर घोंगडी टाकून आम्ही नवं गणित मांडलं. समजा, जमिनीत भेगा आहेत. समजा, भेगा अमुक अंतरावर आणि अमुक खोल आहेत. हे गणित माझ्या गणितापेक्षा पुष्कळ अवघड निघालं. दुसऱ्या दिवशी मी एका ठिकाणी अडलो तो अडलोच. महादेव सकाळभर वही उलटत बसला, आणि जेवताना म्हणाला की भेगेतल्या हवेचा वेगळा हिशोब कायले करता, तिले वरच्याच हवेसारखी समजा न. मी हात धुऊन आलो आणि तसं मांडलं. संध्याकाळपर्यंत सूत्र निघालं, आणि त्याचे फाल्गुन-चैत्राचे सगळे ठिपके नव्या रेघेवर आले. शिकवण्याच्या धंद्यात असा दिवस कितींच्या वाट्याला येतो मला माहीत नाही. माझ्या वाट्याला तो आला.

परत जाताना शेलूबाजारवरून भाड्याच्या मोटारीनं कारंज्याला गेलो आणि बाबांना सांगितलं की पेटीतला तो निबंध चुकीचा आहे. त्यांनी विचारलं, "आपल्या मळ्यापुरतं तं खरं हाये ना?" मी म्हटलं, मळ्यापुरतं खरं आहे. "मंग राहू दे पेटीत," म्हणाले आणि कामाला लागले. विलायतेला दुरुस्तीचं पत्र मी त्याच आठवड्यात टाकलं. ते बोटीनं जाऊन छापून यायला वेळ होता.

प्रबंध मुदतीत गेला. तोंडी परीक्षेला दुसऱ्या प्रांतातले एक परीक्षक येणार होते, आणि ते फार कडक म्हणून प्रसिद्ध होते. माझा निबंध त्यांनी वाचलेला असणार, हे नक्की होतं. मी आदल्या दिवशी महादेवला बसवून सांगितलं. ते तुझ्यापुढं माझा निबंध टाकतील आणि विचारतील, यातलं खरं कोणतं. सरळ सांगायचं की सरांचं चुकलं. गोलमाल बोललास तर ते म्हणतील तुझे आकडेच वाईट, आणि आकडे वाईट म्हणजे प्रबंध गेला. त्यानं मान हलवली. "माह्या तोंडून थे निंघनार नाई सर. मायनं बजावून धाडलं, गुरूले चूक म्हनू नोको." मी म्हटलं, उद्या तुझी आई परीक्षा घेणार नाही. तो उठून गेला आणि मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

नियम असा की तोंडी परीक्षेला मार्गदर्शकानं कोपऱ्यात बसावं, पण तोंड उघडू नये. परीक्षकांनी तासभर महादेवला उभाआडवा तासला. मग माझा निबंध टेबलावर ठेवून म्हणाले, हा तुमच्या मार्गदर्शकांचा. हा आणि तुमचे आकडे, दोन्ही खरे असू शकत नाहीत. काय चुकलं आहे? महादेवनं निबंध हातात घेतला, पहिलं पान उलटलं आणि परत टेबलावर नीट ठेवला. मग तो खुर्चीवरून उठला. बसून ते बोलणं त्याला बरं वाटलं नसावं. उभं राहून, खणखणीत इंग्रजीत म्हणाला, "कोरड्या जमिनीला हा निबंध लागू पडत नाही. त्यातलं पहिलंच गृहीत चूक आहे." आणि बसला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला मला संकोच नाही. पण परीक्षकांचं झालं नव्हतं. त्यांनी विचारलं, ही चूक कोणाच्या लक्षात आली? महादेवनं क्षणाचाही विचार केला नाही. म्हणाला, "सरांच्या."

मी उठून उभा राहिलो. परीक्षकांनी हातानं मला थांबवलं, पण मी थांबलो नाही. म्हणालो, "हे खरं नाही. चूक याच्या आकड्यांनी दाखवली. मी महिनाभर त्या आकड्यांना खोटं म्हणत होतो, आणि याला चारचौघांत खोटारडा म्हटलं. माझा पाय भेगेत अडकला नसता तर आजही म्हणत असतो."

आणि मी उभा आहे म्हटल्यावर महादेवही पुन्हा उभा राहिला. गुरू उभा असताना बसायचं नाही, हे त्याच्या हाडात होतं. परीक्षकांनी चष्मा काढला, एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, आता दोघंही बसा.

आम्ही बसलो. त्यांनी तिथंच अहवाल लिहिला, पुढं मला तो पाहायला मिळाला. त्यात दोनच वाक्यं होती. प्रबंध स्वीकारावा. मार्गदर्शकानं परीक्षेत बोलून नियम मोडला, याची नोंद घ्यावी. माझ्या कामाबद्दल आयुष्यात बऱ्याच लोकांनी बरंच चांगलं लिहिलं, पण त्या दुसऱ्या वाक्याइतका अभिमान मला कशाचाच वाटत नाही.